गौतमच्या तक्रारीला माझी गिटार

प्रिय गौतम,

तुझं नवं सोल शैलीतलं गाणं पोचलं. घटस्फोटाला वर्ष झालं, तरी जॅझ गिटार तुला माझीच हवी! गाण्यातली बायको निर्दय आहे. हिमायतनगरच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करणारा अझहर ऐकून म्हणाला, "मॅडम, सर आपकोच बदनाम कररे. नक्को बजाओ!"

"हौ," मी म्हटलं, "पण गायक थांबला की गिटारनं उत्तर द्यायचं, ही आमची जॅझची रीत."

प्रत्येक तक्रारीनंतर तू जागा सोडली होतीस. तिथे मी भांडले नाही, मायेनं वाजवलं. आता ऐकणारे तुलाच विचारतील, "हिला सोडलंस कशाला?"

खोडी म्हणूनच सुरुवात केली होती. दुसऱ्या कडव्यापासून मात्र ती माया खरी झाली. रेकॉर्डिंग पाठवलंय; पण ते तुला कळू नये, म्हणून हे पत्र ठेवून घेतेय.

तुझी, गाण्यापुरती,
रेणू