पूर्ण दोन टीबी

२ डिसें.
मृणालला ऑनलाइन मागवलेली डिस्क दिली, आमच्या कॉम्प्युटर दुकानाच्या वर तिच्या पप्पांचा स्टुडिओ आहे, तिथलं लग्नांचं शूटिंग ठेवायला. कॉम्प्युटरवर पूर्ण २ टीबी दाखवते, एक जीबी कमी न्हाई. दुकानातल्या महागड्या दोन टीबीवाल्या कायम १.८ दाखवतात. रिकामी कशी द्यायची? आधी माझं भरलं. तिच्या आवडीची गाणी, सिनेमे, रंकाळ्यावरचे आमचे व्हिडिओ. साठेक जीबी.
"येडा हायस," म्हणाली. दिवसभर तेच कानात.

५ डिसें.
मालक संपतदा विचारत होता, ऑनलाइन एवढी स्वस्त कशी, तपासलीस का. वर गिऱ्हाइकांसमोर, "ह्याचा प्रोसेसर लई फास्ट हाय, रॅमच न्हाय." डोकं फिरलं. कॉलेज सोडलं म्हणून कुणीही काय पण बोलावं? स्क्रूड्रायव्हर आपटून निघालो.

९ डिसें.
मृ.नं जयसिंगपूरचं लग्न डिस्कवर टाकलं. कॅमेऱ्याची कार्डं पुसून आजऱ्याच्या लग्नाला तयार ठेवली.

१२ डिसें.
परत कामावर. संपतदा रागावला न्हाई, तेच वाईट.
"खरी डिस्क पूर्ण दाखवतच न्हाई. कंपनी हजारानं मोजती, कॉम्प्युटर एक हजार चोवीसनं. पूर्ण दाखवती म्हंजे कुणीतरी आत आकडा लिवलाय."
आत चिप चौसष्ट जीबीची असणार म्हणतो. त्याच्या पुढं टाकलेल्या फायली नुसत्या नावाला दिसतात, आत काय न्हाई.
साठ तर माझंच आहे. तिच्या लग्नांना उरले चार.

१३ डिसें.
फोन करणार, तोवर तिचाच. जयसिंगपूरच्या नवरीचे वडील वारले. पाठवणीला लेकीला जवळ घेऊन काहीतरी बोलले होते, ते घरच्यांना हवंय. रविवारी येणार.
उघडून बघितलंस का, विचारलं.
"उघडायचं काय त्यात? साइज दिसतीया की."
आजऱ्याला निघालेली. कार्डं वापरू नको, एवढंच म्हणायचं होतं. ते बोलणं आपल्याकडं आहे म्हणून ती खुशीत होती. मग म्हटलं, सांगू नंतर... परत फोन लावला तर रेंज न्हाई.

१५ डिसें., रविवार
डिस्क घेऊन दुकानात आली. संपतदानं लावली. रंकाळा उघडला, एकदम स्वच्छ, आमचं हसणं दुकानभर. मग जयसिंगपूर. काळं. पुढची फाइल. काळं.
माझ्याकडं वळली. "तुझं सगळं उघडतंय. आमचंच का न्हाई?"
संपतदानं कार्डं मागितली. आजऱ्याच्या शूटिंगखाली काही उरलं असलं तर निघेल. दोन मिळाली. तिसरं पिशवीत सापडेना.
स्क्रीनवर रिकव्हरीची पट्टी सरकतेय हळूहळू. ती बाकड्यावर, माझ्याकडं पाठ करून. वर स्टुडिओत तिच्या पप्पांनी जयसिंगपूरच्या पावण्यांना चहा दिलाय. नवरी पण आलीय म्हणे.