बुंदीला भुरी झालेली नाही

आप्पा,

बुंदीच्या मानेवरचा तो पांढरा कोंडा म्हणजे भुरी नव्हे. भुरी आंब्याच्या मोहोरावर येते, सशाच्या अंगावर नाही. चाळीस वर्षं बाग राखली म्हणून दिसेल त्या पांढऱ्यावर गंधक मारायचं नसतं. मोहोराला डोळे नसतात, तिला आहेत. ते सुजून बंद झालेत.

तुम्ही बागेत होतात तेव्हा आई आणि मी तिला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. त्यांनी कोंडा काळ्या कागदावर झाडला, तर तो चालायला लागला. बारीक किडे आहेत. इंजेक्शन दिलंय, पंधरा दिवसांनी दुसरं. तिला आंघोळ घालायची नाही आणि कुत्र्याचं गोचिडाचं औषध तर मुळीच लावायचं नाही. पण हे तुम्हाला सांगून काय उपयोग? तिला देवरुखला मावशीकडे नेतेय. आईसुद्धा येतेय. तुम्ही फक्त पिंजरा उकळत्या पाण्याने धुवा आणि आतला पेंढा लांब नेऊन पुरा. एवढं जमेल.

आणि हो, हेच किडे माणसालाही चावतात. तुमच्या हातांवरचे लाल फोड त्यांचे आहेत, आईच्या कोळंबीचे नव्हेत. तीन आठवडे सगळ्या वाडीत तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवत फिरलात.

डॉक्टरांनी चिडून विचारलं, गंधक कुणी मारलं? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मी."

राही