चुन्याखालचा सायब

बाबा, तुम्ही लावलेला चुना मी खरवडला. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे ऐकाल. सगळा नाही खरवडला, फक्त कबरीच्या उभ्या दगडाचं रस्त्याकडचं तोंड तेवढं मोकळं केलं. आणि हौस म्हणून तर मुळीच नाही. मागच्या पावसाळ्यानंतर त्याचा एक मोठा पोपडा आपसूक गळून पडला आणि खाली अक्षरं दिसली. गावाहून वहिनीचा फोन आला, "ताई, सायबाच्या दगडावर इंग्रजीत काईतरी लिवलेलं हाय, येऊन पाहा." मी अमरावतीहून अकोटची एसटी धरली. रस्ताभर डोक्यात एकच, की माझे बाबा इंग्रजी पेपर वाचायचे, कामावर कापसाच्या जिनिंगमधल्या विलायती मशीनवरच्या पाट्या धडाधड वाचायचे, आणि ज्या दगडाला जन्मभर चुना लावला त्याच्यावर नाव कोरलेलं आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. कळणार कसं? तुमच्या आधी तुमच्या वडिलांनी लावला होता, त्यांच्या आधी आजोबांनी. आपण त्या माणसाला इतकं जपलं की त्याचं नावच बुजवून टाकलं. असला पराक्रम आपल्याच घराण्याने करावा.

अकोटहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याला, आपल्या गावाच्या थोडं अलीकडे, बाभळीखाली ती कबर आहे. अजून आहे, काळजी करू नका. दर वर्षी चौदा एप्रिलची जयंती जवळ आली की वस्तीतल्या घरांना चुना लागायचा, आणि नीळ जरा जास्त पडली की अख्खी गल्ली आभाळी दिसायची. आपलं घर झालं की बादलीत उरलेला चुना घेऊन तुम्ही निघायचा, मागून कुंचा घेऊन मी. चालता चालता चुन्याचे थेंब माझ्या पायांवर उडतात, तुम्ही मागे न पाहताच म्हणता, "डोये सांभाय." दीक्षा घेतलेल्या घरातले आपण. तुमच्या वडिलांनी, बापूंनी, देव्हारा पूर्णा नदीत सोडला, त्यानंतर आपल्या घरात नारळ फुटला नाही. मग हे कबरीचं काय, असं वस्तीतली जाणती माणसं अडवून विचारायची, आणि तुमचं उत्तर ठरलेलं असायचं: "पूजा नाई करून राह्यलो. सफेदी करून राह्यलो." बारावीच्या परीक्षेआधी मी तिथे अगरबत्ती लावून आले होते. तिची काडी तुम्हाला सापडली. ओरडला नाहीत, काडी माझ्या पुस्तकात खूण म्हणून घालून ठेवली आणि म्हणालात, "त्याले तुह्या पेपरातलं काय येते? अभ्यास कर." मला इतकी शरम वाटली की त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि अभ्यास मात्र झाला.

आपल्याकडे त्या माणसाची गोष्ट एवढीशीच होती. सायब विलायतेहून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर फिटर म्हणून आला. मग ते काम सोडून परतवाड्याच्या छावणीत शिपाई झाला. तुमच्या पणजीसोबत राहिला. तिला आपण सगळे थोरली माय म्हणतो. तिला त्याच्यापासून मुलगा झाला, ते तुमचे आजोबा. पुढे पलटणीबरोबर जाताना सायब तापाने गेला आणि वाटेतच पुरला गेला. गोष्ट इथे संपायची आणि लोकांची जीभ इथून सुरू व्हायची. उचलली जीभ लावली टाळ्याला. ती त्याची बायको कुठली, ठेवलेली होती, असं गाव म्हणायचं. जिनिंगमध्ये तुम्हाला कोणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. "काय गा सायबाच्या, डबा आला का?" तुम्ही प्रेसखाली वाकून बोल्ट आवळत असायचा. मी डबा घेऊन दारात उभी. तुम्ही वर पाहत नाही, बोलत नाही, पाना आणखी एक फेरा घेतो. मला त्या माणसापेक्षा तुमचाच राग यायचा. माझ्या बापाला तोंड नाही का, असं वाटायचं.

मग ते माझ्यापर्यंतही आलं. शाळेत एकीशी दोरीवरून भांडण झालं, आणि ती म्हणाली, "तुह्या बापाच्या पणजीले सायबानं ठेवलं होतं, म्हणून तुहे डोये मांजरीवानी हायेत." घरी आले तेव्हा आई चुलीपुढे भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर ठेचा-भाकर खात होता. मी उभ्या उभ्याच विचारलं, की थोरली माय सायबाची बायको होती का ठेवलेली होती. आईचा हात परातीतच थांबला. "कोनं शिकवलं वो तुले हे?" म्हणून ती उठणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "बसू दे तिले. जेव आधी, मंग सांगतो." जेवले. तुम्ही काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी समजले, की ठेवलेलीच असणार, नाहीतर माणूस गप्प बसता का? जयंतीच्या आधी आपण चुना घेऊन गेलो, तेव्हा तुम्ही कुंचा माझ्या हातात दिला आणि बादली खाली ठेवून उकिडवे बसलात.

"देवाले काय लावतात?"

"शेंदूर."

"पिराले?"

"चादर."

"अन् चुना कोनाले लावतात?"

"घराले."

"मंग थोरल्या मायनं याले काहून पोतारलं असन?"

मी कुंचा बादलीत बुडवला. तुम्ही दगडावरून हात फिरवलात. मग म्हणालात, "तिच्याजवळ चुना कुठचा आला? पांढऱ्या मातीनं पोतारे. आपली खोपडी पोतारली का उरलेली माती घेऊन इथं ये. बापू तिचं बोट धरून आलेले हायेत, त्यायनं डोयानं पाह्यलं. ठेवलेल्या बाईले घर नसते, पोरी. घर बायकोचं असते." आणि उठून माझ्या हातातला कुंचा परत घेतलात, कारण मी दगडापेक्षा स्वतःलाच जास्त चुना लावला होता.

तेवढ्याने माझं भागलं, बाबा. दुसऱ्या दिवशी शाळेत मी ताठ मानेने गेले, दोरीही परत मिळवली. पण मोठी होत गेले तसं ते उत्तर मला पुरेना. इतिहासाची मास्तरीण झाले ना. तीस-पस्तीस वर्षं पोरांचं "पुरावा काय, पुरावा काय" म्हणून डोकं खाल्लं, मग आपल्याच घरात पुराव्याशिवाय कसं चालेल? मला कागदावर नाहीतर दगडावर लिहिलेलं हवं होतं, की ती त्याची बायको होती. तिच्यासाठी नव्हे, खरं सांगायचं तर. ती बिचारी कधीच गेली. मला ते तुमच्यासाठी हवं होतं, त्या प्रेसखाली वाकलेल्या पाठीसाठी. तुम्ही गेल्यावर तर ते जास्तच हवंसं झालं, हे कसं ते मला अजून सांगता येत नाही.

म्हणून त्या दिवशी मी लाकडी उलथनं आणि पाण्याची बादली घेऊन बसले. वहिनी माझ्यामागे उभी राहून करवादत होती, "ताई, काहून खरवडून राह्यल्या? चांगल्या घराचे पोपडे काढते का कोनी असे?" तिला ही सगळी चर्चा ठाऊकही नाही, लग्न होऊन आली तेव्हा तुम्ही थकला होतात. तरी तिच्या तोंडून घरच आलं. मी हसले आणि खरवडत राहिले. वरचे थर निळसर, त्याखाली पांढरे, मग पिवळट. चुना निघत होता तसं एकेक अक्षर सुटं होत होतं. त्याचं नाव आलं. गावाचं नाव आलं, स्कॉटलंडमधलं. तोफखान्यातला शिपाई, असं आलं. मी श्वास धरून खालच्या ओळीवर पाणी मारत होते. तिथे लिहिलं होतं, की हा दगड त्याच्या पलटणीतल्या सोबत्यांनी उभारला. संपलं. बायको नाही, मुलगा नाही, कोणी मागे राहिल्याचा शब्द नाही. मी त्या धुळीत फतकल मारून रडले, बाबा, या वयात, रस्त्यावरून ट्रॅक्टर जात असताना. दुःखाने नव्हे, संतापाने रडले. सोबत्यांनी एकदा दगड उभा केला आणि निघून गेले, त्यांची ओळ आहे. जी मरेपर्यंत येत राहिली तिची नाही.

वहिनी बाजूला येऊन बसली. तिने पदराने दगडाची कड पुसली, जिथे मी अजून पोचले नव्हते. चुन्याच्या सगळ्यात खालच्या थराखाली माती होती, पांढरी, दगडाला घट्ट धरून बसलेली, आणि तिच्यावर आडवे फराटे. "हा तं बाईचा हात हाय," वहिनी म्हणाली, "कुंच्याचं असं नाई उठत." तिने आपली चार बोटं त्या फराट्यांवर ठेवून पाहिली, आणि मग मीही ठेवली. तेवढी कड आम्ही तशीच सोडली. या जयंतीला वहिनीच्या पोरांनी सफेदी केली तेव्हा अक्षरं आणि ती कड वगळून केली. कुरकुर केली पोरांनी, की अर्धवट रंगवलेलं दिसते म्हणून. दिसू दे.

आता पुढचं ऐका. नाव आणि गाव हातात आल्यावर मी स्वस्थ बसणार थोडीच. इंटरनेटवर घराण्यांचे शोध घेणाऱ्या लोकांची एक जागा आहे, तिथे भाचीच्या मदतीने मी दगडाचा फोटो टाकला. बरेच महिने काही नाही. मग त्याच गावच्या एका बाईंचं उत्तर आलं. त्याच्या भावाच्या वंशातल्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांच्याकडून कळलं, की तो समुद्रकाठच्या थंड गावातला, सुताच्या गिरणीत काम करणाऱ्या घरातला धाकटा मुलगा. घर थोरल्याकडे गेलं, म्हणून हा मशीनच्या पेट्यांबरोबर जहाजात बसला. दोन-चार वर्षं घरी खुशाली यायची, मग शिपाई झाल्याचं आलं, मग काहीच नाही. त्याची आई रोज बंदराच्या धक्क्यावर जाऊन बसायची, असं त्यांच्या घरात अजून सांगतात. म्हणजे तिकडेही एक माय होती. आणि त्यांच्या वंशावळीत त्याच्या नावापुढे लिहिलेलं होतं, हिंदुस्थानात वारला, अविवाहित.

अविवाहित. त्या एका शब्दाकडे मी किती वेळ पाहत होते कोण जाणे.

मग एका संध्याकाळी आम्ही फोनच्या पडद्यावर समोरासमोर बोललो. त्यांचे डोळे, बाबा, माझे डोळे. आम्ही दोघी आधी त्यावरच हसलो. मी माझ्या वऱ्हाडी इंग्रजीत सगळं सांगितलं. थोरल्या मायचं नाव त्यांनी विचारलं, तेव्हा मला ते देता आलं नाही, आणि तेवढी एक खंत मला राहणार आहे. मग त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, की लग्नाचा काही पुरावा आहे का. माझाच प्रश्न, माझ्याकडे परत आला. मी म्हटलं, नाही. आमच्याकडे देवाला शेंदूर लावतात, पिराला चादर घालतात, आणि घराला पांढरी माती लावतात. तिने मरेपर्यंत त्याच्या कबरीला माती लावली. माझे वडील म्हणायचे, घर बायकोचं असतं. एवढंच आहे आमच्याकडे.

त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, की त्यांची आजी दर शनिवारी गुडघ्यांवर बसून दाराचा उंबरठा पांढऱ्या मातीने सारवायची, तिकडे सगळ्याच बायका करायच्या, आणि ज्या घराचा उंबरठा पांढरा नाही त्या घरात बाई नाही असं लोक समजायचे. "तिने त्याचं दार राखलं," असं त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसून तिथेच, माझ्यासमोर, वंशावळीतला तो शब्द त्यांनी काढला. त्या जागी लिहिलं, विवाहित. तुमच्या त्या एका उत्तरावर, बाबा. मी जन्मभर ज्याला अपुरं म्हणत आले, ते सात समुद्रापलीकडे एका वाक्यात पटलं. तुम्ही मला लहान समजून टाळलं नव्हतंत. होतं नव्हतं ते सगळं माझ्या हातात दिलं होतंत. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, ते आज मानते.

फोन ठेवता ठेवता त्यांनी आणखी एक विचारलं. त्याच्यामुळे तुमच्या माणसांना कधी काही सोसावं लागलं का? माझ्या डोळ्यांपुढे जिनिंग आलं, तुमची पाठ आली, त्या हाका आल्या. आणि मी म्हटलं, नाही हो, त्याला आमच्याकडे मानच होता. म्हटलं आणि मला कळलं, की तुम्ही कोणाला कधी उत्तर का दिलं नाहीत. उत्तर दिलं असतं तर दर वेळी थोरल्या मायला पुन्हा चौकात उभं करावं लागलं असतं. त्या बाई तिकडे इतक्या खुश होत्या, मला थोरल्या मायला पुन्हा त्या चौकात नेववेना. ते खोटं मी अजून दुरुस्त केलेलं नाही, करणारही नाही. फक्त तुम्हाला सांगून ठेवते. तुम्ही काही कोणाजवळ बोलायचे नाहीत.