पंपाचं कवच आणि पाण्याचं पिंप

अंबरनाथ पूर्व
शनिवार

ती. अण्णांना सुनंदाचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढत असाल तर बंद करा. सल्ला फुकट देते आहे, तुमच्यासारखाच. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या सांगण्यावरून उन्मेषने पंपाच्या कवचाचा नमुना उल्हासनगरला प्रेशरच्या मशीनवर काढून घेतला. (आपल्या ओतकामाच्या गाळ्यात ग्रॅव्हिटी. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम पळीने साच्यात सोडायचं आणि आपल्या वजनाने सावकाश बसू द्यायचं. प्रेशरचं मशीन तेच क्षणात दाबून भरतं, सोऱ्यातून शेव पाडावी तसं.) तुमचं म्हणणं, वस्तू पातळ आणि गुळगुळीत येते. येते. पण घाईत हवाही आत कोंडते, आणि पंपाच्या कवचाला सुईएवढं भोक चालत नाही, हे माझं म्हणणं. ते कोणी ऐकलं नाही. हे काम गेलं तर गाळा विकायचा, असं उन्मेषने जेवताना सांगितलं. मी वाढत राहिले.

काल पंपाच्या कंपनीच्या सुनेत्राबाई तपासणीला आल्या. पहिल्या नगाची पूजा केल्याशिवाय तो आपल्या दाराबाहेर जात नाही, म्हणून सकाळीच मी तेलात कुंकू कालवून त्यावर स्वस्तिक काढलं होतं. बाईंनी कवचात हवा भरून ते पाण्याच्या पिंपात बुडवलं. एक बुडबुडा आला की संपलं. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा वाकल्या. उन्मेष इतका वाकला की तोच आत पडतो की काय, असं वाटलं. बुडबुडा आला नाही. सोमवारी ऑर्डर पाठवते म्हणाल्या. उन्मेषने तुमच्या नावाने मला पेढा भरवला. मी गिळला. जिंकलात, अण्णा.

तुमची,
सुनंदा

ता. क. बाई गेल्यावर मी कवच घासलं (तेलकट वस्तू मला चालत नाही) आणि खात्रीसाठी पुन्हा बुडवलं. स्वस्तिकाच्या जागेतूनच बुडबुड्यांची माळ निघाली. उन्मेष म्हणाला, "आई, कोणाला सांगू नकोस ना." मी त्याच्यासमोरच बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सोमवारी दुसरा नमुना दाखवा. कुंकू नको."

आणखी एक. दुसरा नमुना ग्रॅव्हिटीचा. हेच कवच आपण पूर्वी ओतायचो, त्याचा लोखंडी साचा तुम्ही "आता याचा काय उपयोग" म्हणत बेलवलीला घरी नेलात आणि त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीत. हे पत्र घेऊन आलेला उन्मेष तुमच्या दारातच उभा आहे. खाली टेम्पो चालू आहे. कुंडी त्याला उचलू द्या, तुम्ही गुडघा सांभाळा. साच्यावर वहिनींचं हळदकुंकू असेल, तर तेवढं पुसून द्या.