इंग्रजीत सामानाला मान नाही

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही, तेव्हा मी सांगणार आणि आमचे हे लिहिणार. ह्यांनी जन्मभर खालच्या दुकानात खुर्च्यांना वेत विणला. लिहायला बसले तरी तसेच, एकेक अक्षर ओढून घट्ट करतात. मी सांगते तेच लिहितात की मध्ये आपलं घुसडतात, देव जाणे.

कारण असं. नातीचं लग्न ठरलंय. मुलगा समुद्रापलीकडचा. त्याला नोकऱ्या दोन चालून आल्यात, एक इथे, एक त्याच्या गावी. कुठली घ्यायची ते दोघांचं ठरेना. त्याच्या घरात म्हणे त्याच्या आजीचा शब्द चालतो. (आमच्याही घरात आजीचाच चालतो. हे इथे खोकले. खोकला लिहू नका.) त्या मोठ्या विहीणबाई वीस तारखेला घर बघायला येणार. मी त्यांच्याकडून होकार घेणार, पोरं इथेच राहतील म्हणून. मधली भाषा इंग्रजी. ती शिकून टाकते.

३ मार्च, दुपार
सून हॉटेलात स्वागताच्या टेबलाशी बसते, इंग्रजी फाडफाड. तिला दुभाषी करायचं नाही. ती म्हणते, पोरांचं पोरं ठरवतील. असल्या बाईच्या तोंडून माझा प्रश्न पलीकडे पोचेल कसा? शिकण्यापुरतीच तिला धरायची. कारण सांगितलं, वेळ जात नाही. तिने भुवया वर केल्या, पण शिकवते म्हणाली.

५ मार्च
पहिलाच धडा आणि डोकं फिरलं. एक असलं तर चेअर, पुष्कळ असल्या तर चेअर्स. ठीक. पण फर्निचर कितीही असो, फर्निचरच. मी म्हटलं, दुकानात ये, भिंतीला टेकून रांग लागलीये, मोजून दाखवते. सून म्हणाली, आई, खुर्च्या मोजा, फर्निचर मोजायचं नाही. मुलाला विचारलं. तो रंधा मारत म्हणाला, गिऱ्हाईक पैसे देताना मोजतं, तेवढं बास.

पाणी मोजायचं नाही. तांदूळ मोजायचे नाहीत. केसही नाहीत! माझे उरलेत ते आंधळ्याने मोजावेत.

६ मार्च
सल्लाही मोजत नाहीत. हे बरंय. हे म्हणाले, तुझी सोय झाली. मी कोणाला सल्ला देत नाही. सुनेला एवढंच म्हटलं की भाजी आधी धुवावी मग चिरावी, भांडं पालथं घालावं, आणि मुलाला म्हटलं की पाठ वाकवून बसू नकोस. ही माहिती झाली. माहितीही मोजत नाहीत.

९ मार्च
उलगडा झाला! पहाटे पडल्या पडल्या सुचलं. आपण मोठ्या माणसाला अनेकवचन देतो. बाबा आले, बाई आल्या. एकच माणूस, पण मान म्हणून. इंग्रजीत वस्तूला मानच नाही, म्हणून पाण्याला एकट्याला उभं करतात. आपण उदार व्हायचं. पाहुण्यांसमोर सगळ्याला मान द्यायचा. वॉटर्स. फर्निचर्स. लगेज म्हणजे सामान, तेही लगेजेस.

सुनेला सांगितलं. ती ओट्याला धरून हसली. हसू दे. इंग्रजी जवळजवळ झालंच.

१४ मार्च
जिभेला फोड आलाय. सराव बंद. शिकलेलं कुठे पळून जातंय!

१५ मार्च
पळालं. चेअर सोडून काही आठवत नाही. दोष सुनेचा, भराभर शिकवते.

१७ मार्च
आता एकच वाक्य, पण पक्कं. चिल्ड्रन स्टे हिअर, गुड? बाकी ठिकाणी येस. सून म्हणते, समजलं नाही तर येस म्हणू नका. हिचा सल्ला मोजला तर पोतं भरेल.

१९ मार्च
जागाही हेरली. नातीच्या खोलीत न्यायचं. तिथे तिची लहानपणची वेताची खुर्ची आहे, ह्यांनीच विणलेली. ती बघून कुठलीही बाई विरघळेल.

२० मार्च, संध्याकाळ
जिंकले! विहीणबाई आल्या. ठेंगण्या, माझ्यासारख्याच, फक्त दात स्वतःचे. चहा झाल्यावर मी त्यांना हात धरून आत नेलं आणि दार लोटलं. सून मागे येत होती, तिला बिस्किटं आणायला पिटाळलं. खुर्चीवर हात ठेवून वाक्य म्हटलं, एका दमात. त्या म्हणाल्या, येस, येस! डोळ्यांत पाणी आलं बाईंच्या.

मग त्या पुष्कळ बोलल्या. इंग्रजी उत्तम, मला बरंचसं समजलं. पर्समधून एका घराचा फोटो काढला, मागे मोठं झाड. मी मान म्हणून नाइस होम्स म्हटलं. त्यांनी काही विचारलं, मी येस म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा येस. मग त्यांनी मला मिठीच मारली. एवढं प्रेम सुनेने कधी दाखवलं नाही. (हे थांबले लिहायचे. लिहा हो.)

२१ मार्च
घरात सगळे गप्प का आहेत?

२१ मार्च, दुपार
नातीला नवऱ्या मुलाकडून कळलं, ते तिने जवळ बसवून सांगितलं. विहीणबाईंना इंग्रजी येतच नाही. माझ्यासारखंच चार दिवसांत घोकलेलं. मी खुर्ची दाखवली तेव्हा त्यांना वाटलं, पोर लहानपणी या खोलीत राहायची एवढंच मी सांगतेय. म्हणून येस. त्यांना बोलायचं होतं ते निराळंच. पोरं आमच्याकडे राहिली तर चालेल ना, तुमच्याशिवाय कोणाला विचारावं. मी येस म्हटलं. त्यांना खरं वाटेना, म्हणून पुन्हा विचारलं. मी पुन्हा येस.

पोरांनी आता ठरवून टाकलं. नात म्हणाली, आजी, तुझ्या मनाची तयारी आहे म्हटल्यावर माझा जीव हलका झाला.

मी सुनेकडे बघितलं. ती माझा हात हातात घेऊन बसली. हॉटेलात शिकवतात वाटतं.

२२ मार्च
ठराव: त्यांची भाषा शिकायची. इंग्रजीच्या नादी लागू नये.

११ मे, सकाळ
लग्न झालं. आज नात निघाली. दारात पेट्या, पिशव्या, बोचकी आणि ती छोटी खुर्ची कागदात गुंडाळून. मी मोजायला लागले. सून म्हणाली, आई, कितीही असलं तरी लगेजच. बरं म्हटलं. सगळं एकदमच गाडीत गेलं.

मी रडले नाही. वहीवर काही पडलंय म्हणून हे विचारतात, हेही लिहू का? पाणी आहे हो ते. पाणी मोजत नाहीत. तसंच लिहा.