रागानं पाहिलेली चादर

आप्पा,

सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा दूध बघायला, बाकी उगीचच. आता दाराला कडी घातली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठं जाणार नाही, तरी तुमच्यासमोर उभी असल्यासारखी पदर सावरते आहे.

मोठ्या दुष्काळाचं दुसरं वर्ष. भवानी पेठेतल्या चादरींच्या कारखान्यात, खिडकीजवळच्या उतरत्या टेबलावर आपण दोघं माल तपासतो आहोत. तुमचा नियम असा, की कामाला हात लावण्याआधी खुंटीवरची जुनी चादर बघायची. तिच्यात तीन चुका होत्या, सगळ्यांना पाठ असलेल्या. ज्याला चौथी दिसली त्यानं त्या दिवशी तपासणीला बसायचं नाही, घड्या घालायच्या. "रागात बघितलं की चांगल्या सुतात बी गाठी दिसत्यात," तुम्ही म्हणायचात. मला ते तुमचं खूळ वाटायचं.

एका संध्याकाळी एका विणकरानं सगळ्यांदेखत मला ऐकवलं, "बापाच्या जोरावर बसलीया टेबलावर." मी रात्रभर धुमसत होते. सकाळी खुंटीवरच्या चादरीत मला पाच चुका दिसल्या. तुम्हाला मी तीन सांगितल्या. मग त्याची चादर पुढ्यात आली आणि काय सांगू, चुकाच चुका. इथं धागा तुटलेला, तिथं वीण विरळ. खडूनं खुणा करत सुटले. खोटं करत नव्हते हो, मला दिसत होतं. शेजारच्याच चादरीवरचा तळहाताएवढा तेलाचा डाग मात्र दिसला नाही, तो तुम्ही दाखवलात.

विणकर भांडायला आला. मालकांनी तुम्हाला निवाडा करायला सांगितलं. तुम्ही चादर उजेडाला धरलीत, चष्मा पुसलात, पुन्हा धरलीत. "मला तर काय दिसंना." मी बोट ठेवलं. "हितं बघा की, आप्पा." तुम्ही वाकलात, बराच वेळ वाकून राहिलात. मग म्हणालात, "व्हय, हाय की. माझंच डोळं गेलं आता."

विणकराचं फारसं बिघडलं नाही, तो दुसरीकडं लागला. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवसापासून घड्या घालायला बसलात. नजरेसाठी पेठेत नावाजलेला माणूस, पण पुढं तांदूळ निवडतानासुद्धा मला विचारायचात, "नीट हाय का गं?" मी चिडून हो म्हणायचे. तुम्हाला तिथं खरंच काही दिसलं होतं, की लेक म्हणते म्हणून दिसलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही, आणि ते विचारायचं धाडसही कधी झालं नाही.

सांगायचं ते वेगळंच आहे. निवाडा झाल्यावर तुम्ही मालकांच्या खोलीत गेलात. विणकराचा पडलेला चेहरा बघून माझा राग उतरला होता. मी ती चादर एकटीनं पुन्हा पाहिली. खडूच्या खुणा होत्या, खुणांखाली काही नव्हतं. पलीकडं तुम्ही मालकांना सांगत होतात, उद्यापासून टेबल लेकीला द्या. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. आत जाऊन खरं सांगायचं सोडून मी पदरानं खुणा पुसून टाकल्या.