तळाचं वर्ष खरवडू नये

मी, किर्ती धोंडिबा सोनकांबळे, वय २९, अविवाहित, धंदा जुन्या थाटाच्या शोभेच्या पेट्या बनवणे, राहणार बदलापूर पूर्व, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. कोणाचा दबाव नाही, असं लिहिण्याची पद्धत आहे. दबाव आला. मी तो मानला नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. धोका कमी आहे, असं डॉक्टर सांगतात. कमी म्हणजे शून्य नव्हे, म्हणून हा कागद.

१. बदलापूरचं राहतं घर आणि बँकेतली शिल्लक आई माया हिला. माझा धाकटा भाऊ सम्यक तिच्याकडे ‘फक्त एक सही’ मागायला येईल. आईने चष्मा सापडत नाही म्हणून सांगावं.

२. उल्हासनगर कॅम्प २ मधला माझ्या नावावरचा गाळा, पितळी कोपऱ्यांचे साचे आणि रंगाच्या सर्व कृती अंजनी जनू म्हात्रे हिला. ती माझ्याकडे पॉलिशला आहे. उशिरा येते, बोलते फार. पण तिने कधी तळाचं वर्ष खरवडलेलं नाही.

वर्षाचा खुलासा करते. आनंदनगरला रंगाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होते. तिथे शिकले ते इथे वापरलं. लाकडाला आधी कडक चहाचं पाणी, ते वाळल्यावर लोखंडाचा कीस मुरवलेलं व्हिनेगर. नवं आंब्याचं लाकूड दुपारपर्यंत शंभर वर्षांचं दिसायला लागतं. फक्त दिसायला. म्हणून प्रत्येक पेटीच्या तळाला मी तापलेल्या शिक्क्याने बनवल्याचं वर्ष जाळते. कोणाला दिवाणखान्यात ब्रिटिश काळ मांडायचा असेल तर खुशाल मांडावा. पेटी उलटी केल्यावर खरं कळलं पाहिजे.

३. सम्यक याला सँडर. बाकी काही नाही.

माझ्या पेट्या दुकानात विकायचं काम तो बघतो, आणि हे मशीन त्याच्या हाताला बसलेलं आहे. त्या मशीननेच तो तळाचं वर्ष घासून काढतो, वर हिरवं फेल्टचं कापड चिकटवतो आणि पेटी खानदानी म्हणून विकतो. मुंबईच्या एका बाईंना माझ्यासमोर म्हणाला, “मॅडम, खरं तर ही विकायची नाहीये. आमच्या आजीची दागिन्यांची पेटी.”

आमची आजी सरस्वती शहाडला एका कारखान्यात रसायनांची पिंपं धुवायची. तिच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात रेशनकार्ड, सुईदोरा आणि तिचा एकुलता एक फोटो.

बाई गेल्यावर मी विचारलं, “कुठले दागिने?”

“ताई, लोक लाकूड घेत नाहीत गं, स्टोरी घेतात.”

“मग स्वतःची सांग.”

“माझी कोण घेणार?” आणि हसला.

इथवर मी सहन केलं. नंतर त्याने मोबाइलवर आजीच्या त्या फोटोला नथ घातली, शालू नेसवला, रंग उजळला आणि तो छापून झाकणांच्या आत चिकटवला. आईने पाहिला. मला वाटलं, आता ती त्याच्या थोबाडीत देईल. ती म्हणाली, “किती छान दिसतायत रे सासूबाई. मला पण एक दे, भिंतीला लावते.” त्या दिवसापासून सम्यकशी माझं बोलणं कामापुरतं आहे.

४. आजीचा मूळ फोटो आईला. भिंतीवर कुठला लावायचा ते तिने ठरवावं. माझं मत तिला माहीत आहे.

५. गाळ्यात शिल्लक असलेल्या पेट्यांचं फेल्ट काढून वर्ष पुन्हा जाळावं, मगच विकाव्यात. झाकणातले फोटो ओल्या फडक्याने भिजवून सोडवावेत. फाडू नयेत. नथीमागे चेहरा तिचाच आहे.

६. या सगळ्याची अंमलबजावणी गाळ्यासमोरचे हार्डवेअरवाले जितेश लालवानी करतील. कच्चा मसुदा वाचून ते म्हणाले, “बेटा, भाई है तेरा. कुछ तो लिख उसके नाम.”

“लिहिलंय, काका. सँडर.”

त्यांनी पुन्हा वाचून पाहिलं. “लिख ही दिया सचमुच,” म्हणाले आणि सही करायला कधी येऊ ते विचारलं.

७. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा व्हावा. अस्थी मातीच्या मडक्यात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी उल्हास नदीत सोडाव्यात. मी बनवलेल्या कुठल्याही पेटीत त्या ठेवू नयेत, घटकाभरसुद्धा नाही. ठेवल्या, तर सम्यक ती पेटी पुसून दुकानात मांडेल, आणि या वेळी त्याची गोष्ट खरी असेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली. साक्षीदारांपैकी कोणालाही यातून काही मिळत नाही.

सही: किर्ती धोंडिबा सोनकांबळे

साक्षीदार:
१. जितेश लालवानी, व्यापारी, उल्हासनगर कॅम्प २
२. डॉ. प्रज्वल भोईर, बदलापूर पूर्व (लिहून देणार पूर्ण शुद्धीत आहेत. नाडी तपासली. राग आहे, ताप नाही.)

ठिकाण: बदलापूर
दिनांक: ३ जुलै २०२५